माझ्या लॉगिनमध्ये चित्र दिसतं, मुलांच्या लॉगिनमध्ये दातेरी चक्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहा जुन्या संगणकांवर उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) घातलं आहे. रोबोटिक्सच्या तासासाठी आर्डुइनोचा प्रोग्राम झिप फाइल उतरवून 'ऑप्ट' फोल्डरात ठेवला आणि त्याचा शॉर्टकट हाताने लिहिला. शिक्षकांच्या लॉगिनमध्ये आयकॉन व्यवस्थित दिसतो, विद्यार्थ्यांच्या लॉगिनमध्ये त्या जागी राखाडी दातेरी चक्र येतं. प्रोग्राम मात्र दोन्हीकडे चालतो. आयकॉन कॅश (चित्रांची तयार यादी) नव्याने बांधायची कमांड देऊन झाली, डेस्कटॉप डेटाबेसची देऊन झाली, संगणक बंद-चालू करून झाला, फरक पडला नाही. शिवाय प्रोग्राम उघडला की डावीकडच्या पट्टीत आणखी एक चक्र उगवतं.

नमस्कार. मी फोंड्यात संगणक दुरुस्तीचं काम करतो आणि गेली पंधराएक वर्षं आसपासच्या शाळा, वाचनालयं आणि एक-दोन सोसायट्यांमधले लिनक्सचे संगणक सांभाळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि तेव्हापासून जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून द्या म्हणणारे लोक वाढले आहेत. त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न मला हल्ली दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं.

आयकॉन गेला तर काय बिघडलं, प्रोग्राम चालतोय ना, असं कोणी म्हणालं तर त्याला तुमच्या प्रयोगशाळेत तासभर बसवा. मराठी माध्यमातलं मूल इंग्रजी नाव वाचत बसत नाही, चित्र ओळखतं. त्या पट्टीत तीन सारखीच चक्रं दिसली की दहापैकी चार मुलं भलतंच काहीतरी उघडतात आणि शिक्षकांची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. म्हणून हे काम किरकोळ समजू नका. तुम्ही त्याच्या मागे लागलात हे योग्यच केलंत.

आधी तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण तुम्ही दोन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव दिलं आहे. पहिलं दुखणं असं की एकाच संगणकावर, एकाच शॉर्टकटचं चित्र एका खात्याला मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही. दुसरं असं की चालू झालेल्या प्रोग्रामची खिडकी कोणत्या शॉर्टकटची आहे हे पट्टीला ओळखता येत नाही. दोन्हीकडे चक्रच दिसतं, पण कारणं निराळी आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. माझ्याकडे फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: चक्र नेमकं कुठे दिसतं? सगळ्या प्रोग्रामांच्या जाळीत, डाव्या पट्टीत, की डेस्कटॉपवर? या उत्तरावर पुढचं निम्मं काम ठरतं.

पुढे फाइलींची आणि कमांडींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. संगणकावर ती इंग्रजी लिपीतच टंकायची. होममधली 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स' यांसारखी फोल्डरं सोडली तर फोल्डरांची आणि कमांडींची सगळी अक्षरं लहान, आणि शॉर्टकटच्या आतल्या 'आयकॉन', 'एक्झेक' यांसारख्या शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो आणि तो माफ करत नाही. चित्राच्या नावाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत पीएनजी असेल आणि शॉर्टकटमध्ये तुम्ही ते लहान अक्षरांत लिहिलं असेल, तर ती त्याच्या लेखी दोन वेगळी नावं झाली.

आता मूळ गोष्ट. शॉर्टकट ही एक साधी मजकुराची फाइल असते, नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असलेली. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, चारपाच ओळींची चिठ्ठी दिसेल. 'नेम' या ओळीत नाव, 'एक्झेक' या ओळीत काय चालवायचं ते, आणि 'आयकॉन' या ओळीत चित्राचा पत्ता. चित्र स्वतः या चिठ्ठीत नसतंच. आपण विंडोजवर वाढलेलो असतो, तिथे प्रोग्रामच्या फाइलीच्या पोटातच चित्र असतं, त्यामुळे शॉर्टकटबरोबर चित्रही आलं असं आपण गृहीत धरतो. लिनक्समध्ये चिठ्ठी एका जागी, प्रोग्राम दुसऱ्या जागी आणि चित्र तिसऱ्या जागी असू शकतं. चित्र न दिसण्याचं प्रत्येक कारण या तीन जागांमधल्या वाटेवर कुठेतरी सापडतं.

'आयकॉन' या ओळीत दोनच प्रकारचं लिखाण चालतं. एक म्हणजे पूर्ण पत्ता, तिरप्या रेघेपासून सुरू होऊन पीएनजी किंवा एसव्हीजीपर्यंत. दुसरं म्हणजे नुसतं नाव, शेवटचं पीएनजी वगैरे न लावता. पूर्ण पत्ता दिला तर संगणक सरळ त्या जागी जातो आणि चित्र तिथे नसेल तर शोधाशोध न करता चक्र दाखवतो. 'होम'साठी टर्मिनलमध्ये आपण जी नागमोडी खूण वापरतो ती इथे चालत नाही. ती उलगडली जात नाही, तशीच अक्षरशः वाचली जाते. ही चूक मी अगदी अनुभवी लोकांच्या शॉर्टकटमध्येही पाहिली आहे.

नुसतं नाव दिलं तर शोध सुरू होतो. आधी सध्या निवडलेल्या थीममध्ये, मग ती थीम ज्या थीमांवर आधारलेली आहे त्यांच्यात, मग 'हायकलर' नावाच्या थीममध्ये, आणि तिथेही नसेल तर 'पिक्समॅप्स' या फोल्डरात. आपल्याकडे गावच्या आरोग्य केंद्रात इलाज झाला नाही की माणूस तालुक्याला जातो आणि शेवटी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात. 'हायकलर' म्हणजे इथलं बांबोळी. थीम कोणतीही निवडा, शेवटी विचारणा तिथे होतेच. म्हणून स्वतःचं चित्र घालायचं तर ते तिथे घालावं, म्हणजे उद्या कोणी थीम बदलली तरी ते हरवत नाही.

या माहितीवर तुमचं पहिलं दुखणं तपासू. तुम्ही शॉर्टकटचा मजकूर पाठवलेला नाही, त्यामुळे मला अंदाज बांधावा लागतो आहे. तरी एक खूण अगदी बोलकी आहे: मुलांच्या खात्यातही शॉर्टकट दिसतो आणि प्रोग्राम चालतो. उबुंटूच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये 'एक्झेक'मधला प्रोग्राम त्या खात्याला सापडलाच नाही, तर शॉर्टकट जाळीत येतच नाही, चक्रासकट गायब होतो. तो दिसतोय, म्हणजे 'ऑप्ट'मधला प्रोग्राम मुलांना पोहोचतो आणि चिठ्ठीही सगळ्यांना वाचता येईल अशा जागी आहे. अडतंय ते फक्त चित्रापाशी. दहापैकी नऊ वेळा याचा अर्थ असा निघतो की प्रोग्राम 'ऑप्ट'मध्ये नेला, पण चित्र शिक्षकांच्या 'होम'मध्ये, बहुतेक 'डाउनलोड्स' किंवा 'पिक्चर्स'मध्ये, राहिलं आणि 'आयकॉन'च्या ओळीत तिथला पत्ता आहे.

पूर्वी असं केलं तरी निभावून जायचं. उबुंटू २१.०४ पासून मात्र नव्या खात्याचं होम फोल्डर ७५० या अधिकारांनी तयार होतं. म्हणजे मालकाला सगळं, त्याच्या गटाला बघण्यापुरतं आणि इतरांना काहीच नाही. त्याआधी ते ७५५ असायचं, इतर खात्यांना आत डोकावता यायचं. त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये आणि जुन्या लेखांमध्ये होममधल्या चित्राचा पत्ता बिनधास्त दिलेला असतो. लिहिणाऱ्याच्या काळात तो चालत होता. तुमच्याकडे दार बंद आहे, त्यामुळे मुलांच्या खात्याला चित्रापर्यंत जाताच येत नाही.

याची परीक्षा सोपी आहे आणि तिला टर्मिनलही लागत नाही. विद्यार्थ्याच्या खात्यात लॉगिन करा, फाइल्स उघडा, कंट्रोल आणि एल दाबा, 'आयकॉन'च्या ओळीतला पत्ता जसाच्या तसा टाका. चित्र उघडलं तर माझा अंदाज चुकला. परवानगी नाही असा निरोप आला तर रोग सापडला. ही परीक्षा 'सुडो' लावून कधीही करू नका. 'सुडो'ने कमांड रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालते आणि रूटला सगळीच दारं उघडी असतात, त्यामुळे तिथे चित्र दिसणारच आणि तुम्ही उगाच दुसरीकडे शोधत बसाल.

इथे कळकळीची एक विनंती. इंटरनेटवर कोणी तुम्हाला सांगेल की होम फोल्डर ७५५ करा, किंवा त्याहून वाईट म्हणजे ७७७ (कोणालाही काहीही करायची मुभा) करा, लगेच चित्र दिसेल. दिसेल हे खरं. पण त्या होममध्ये तुमच्या प्रश्नपत्रिका आहेत, गुणांची यादी आहे, मुलांचे पत्ते असतील. एका चित्रासाठी घराचं दार सताड उघडं टाकू नका. चित्र बाहेर आणा, दार बंदच राहू द्या.

चित्र कुठे आणायचं? दोन पर्याय आहेत आणि दोन्ही मी वापरतो. प्रोग्राम एकच असेल आणि तो 'ऑप्ट'मध्ये असेल, तर चित्र तिथेच त्याच्या शेजारी ठेवून 'आयकॉन'च्या ओळीत तिथला पूर्ण पत्ता द्यावा. आर्डुइनोच्या झिपमध्ये आतल्या 'रिसोर्सेस' फोल्डरात त्याचं चित्र येतंच, त्यामुळे वेगळं उतरवून घ्यायचीही गरज नाही. उद्या प्रोग्राम काढून टाकलात तर चित्रही त्याच्याबरोबर जाईल, मागे कचरा राहणार नाही.

असे चारपाच प्रोग्राम असतील तर मी दुसरा पर्याय घेतो. 'यूएसआर', त्यात 'लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'आयकॉन्स', त्यात 'हायकलर', त्यात '२५६ एक्स २५६', त्यात 'ॲप्स', अशी फोल्डरांची वाट तयार करतो आणि चित्र तिथे ठेवतो. 'लोकल'मध्ये अशासाठी की तो भाग संगणक सांभाळणाऱ्यासाठी राखलेला असतो, सिस्टिमच्या पॅकेजेस तिथे हात लावत नाहीत. मग शॉर्टकटमध्ये फक्त नाव लिहायचं, शेवटी पीएनजी न लावता. इथे मोजमापाच्या फोल्डरचं नाव मनाने ठरवू नका. 'हायकलर'च्या 'इंडेक्स डॉट थीम' या फाइलीत कोणती फोल्डरं बघायची याची यादी असते. ४८, ६४, १२८, २५६, ५१२ ही मापं त्यात आहेत. सत्तरीतल्या एका वाचनालयात एका मुलाने '३०० एक्स ३००' असं फोल्डर करून त्यात अगदी सुंदर चित्र ठेवलं होतं. नाव बरोबर, अधिकार बरोबर, तरी चित्र दिसेना. त्या फोल्डराचं नाव यादीत नव्हतं म्हणून तिथे कोणी बघायलाच जात नव्हतं. मीही त्या दिवशी अर्धा तास अधिकार तपासत होतो.

नाव देऊन शोध घ्यायचा असेल तर फाइल पीएनजी किंवा एसव्हीजीच हवी. जुना एक्सपीएम प्रकारही चालतो, पण तो आता कोणी वापरत नाही. विंडोजमधून आणलेली आयसीओ फाइल नावाने शोधली जात नाही. ती गिम्पमध्ये उघडून पीएनजी म्हणून काढून घ्या. आणि एसव्हीजीच्या बाबतीत, अगदी तोकड्या इन्स्टॉलेशनवर ती वाचणारा भागच नसतो. डेबियनच्या घराण्यात (उबुंटू त्यातलंच) तो 'लिब-आर-एस-व्ही-जी-२-कॉमन' या पॅकेजमधून येतो. पूर्ण उबुंटूवर तो असतोच, त्यामुळे तुमच्याकडे हा प्रश्न नसावा, पण हलकं डेस्कटॉप घालून यंत्र चालवणाऱ्या कोणी हे वाचलं तर त्यांच्या कामी येईल.

चित्र हलवताना आणखी एक फसगत होते. होममधून फाइल 'मूव्ह' केली की तिचे जुने अधिकार तिच्याबरोबर येतात. ती ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता येणारी, असेल तर नव्या जागीही ६००च राहते आणि मुलांना पुन्हा दिसत नाही. हलवून झाल्यावर चित्राला ६४४ (सगळ्यांना वाचता येईल, बदलता फक्त मालकाला) आणि वाटेतल्या तुम्ही केलेल्या प्रत्येक फोल्डराला ७५५ असे अधिकार द्या. वाटेतलं एकही फोल्डर बंद असेल तर शेवटची फाइल कितीही उघडी असून उपयोग नाही. 'नेमआय, वजा एल' अशी कमांड पूर्ण पत्त्यासह दिली की वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचे अधिकार ओळीने समोर येतात. माझी ही फार आवडती कमांड आहे. डोळ्यांना कुठे अडलं ते लगेच दिसतं.

आता तुमच्या दोन कमांडींचं. त्या चुकीच्या नव्हत्या, पण या दुखण्याच्या नव्हत्या. 'जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश' ही थीमच्या फोल्डरातल्या चित्रांची यादी नव्याने बनवते. तुमचं चित्र थीममध्ये नव्हतंच, पूर्ण पत्त्याने मागवलेलं होतं, त्यामुळे या यादीचा त्याच्याशी संबंध आला नाही. 'अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस' तर कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची याची नोंद ठेवते, चित्रांशी तिचं काही देणंघेणं नाही. जवळजवळ प्रत्येक लेखात ती कमांड आयकॉनच्या इलाजात दिलेली असते, आणि ती दिल्यावर लोक लॉगआउट-लॉगिन करतात, त्यामुळे श्रेय तिला मिळतं.

कॅशचा खरा प्रश्न कधी येतो तेही सांगतो, कारण तो एकदा माझ्यावर आला आहे. 'यूएसआर'मधल्या 'शेअर'च्या 'हायकलर'मध्ये कॅशची फाइल तयार असते. पॅकेज टाकलं की ती आपोआप नवी होते. पण तुम्ही आतल्या एखाद्या उपफोल्डरात हाताने चित्र टाकलंत तर वरच्या 'हायकलर' फोल्डरची तारीख बदलत नाही, आणि कॅश ताजी आहे की शिळी हे त्याच तारखेवरून ठरतं. मग सिस्टिम जुनीच यादी वाचते आणि तुमचं चित्र समोर असून तिला दिसत नाही. तिथे मात्र ती कमांड, सक्तीचा 'वजा एफ' लावून, खरोखर लागते. खात्याच्या स्वतःच्या 'हायकलर'मध्ये ती चालवलीत तर थीमची यादी नाही अशी तक्रार येईल, त्यावर 'वजा टी' हा उपाय आहे. 'यूएसआर-लोकल'मध्ये सहसा कॅशच नसते, म्हणून मी तिथे चित्रं ठेवतो आणि या भानगडीत पडत नाही.

गोव्यातल्या पावसाळ्यात एक निराळा प्रकारही होतो. अपडेट चालू असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असली की काही फाइली शून्य बाइटच्या होऊन राहतात. नाव आहे, जागा आहे, आत काही नाही. त्यामुळे एका रात्रीत अनेक आयकॉन गेले असतील, तर एकेका शॉर्टकटच्या मागे न लागता आधी फाइलींचे आकार बघा आणि ते पॅकेज पुन्हा टाका. तुमच्याकडे एकच चित्र जात आहे, तेव्हा हे तुमचं कारण नव्हे.

माझा अंदाज चुकण्याची एक शक्यता उरते, तीही बघून घ्या. तुम्ही पहिल्यांदा प्रयोग करताना शॉर्टकट स्वतःच्या खात्यातच ठेवला असेल, होममधल्या 'डॉट लोकल', मग 'शेअर', मग 'ॲप्लिकेशन्स' इथे, आणि नंतर दुसरा शॉर्टकट सगळ्यांसाठी 'यूएसआर'मध्ये. दोन्हींचं नाव एकच असेल तर तुमच्या खात्यात तुमचाच शॉर्टकट जिंकतो, सार्वजनिक वाचलाच जात नाही. मग तुम्हाला दिसतं ते जुन्या, बरोबर चिठ्ठीचं चित्र आणि मुलांना दिसते ती नवी, चुकलेली चिठ्ठी. तुम्ही नव्या चिठ्ठीत कितीही बदल करा, तुमच्या खात्यात काहीच हलणार नाही. फाइल्समध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरं उघडा आणि तिथे जुनी प्रत असेल तर ती बाजूला काढा. मेनू संपादित करणारे प्रोग्रामसुद्धा गुपचूप अशा प्रती करून ठेवतात, हे लक्षात असू द्या. यासाठीच मी प्रत्येक प्रयोगशाळेत 'चाचणी' नावाचं एक कोरं खातं ठेवतो, ज्यात कोणीही कधी काही बदललेलं नाही. तिथे दिसलं तर सगळ्यांना दिसणार.

आणि तुमची शाळा मराठी माध्यमाची आहे म्हणून मुद्दाम सांगतो. मुलांची खाती मराठी भाषा निवडून उघडली असतील तर त्यांच्या होममधल्या 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स' वगैरे फोल्डरांची नावंही मराठीत येऊ शकतात. इंग्रजी खात्यात तयार केलेला शॉर्टकट खात्याचं नाव बदलून तिथे चिकटवला, तर त्यातला पत्ता अस्तित्वातच नसतो. होममधले पत्ते टाळायचं हे आणखी एक कारण.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर, मुलांच्या खात्यातून चित्र उघडून बघा, उघडत नसेल तर ते होममधून 'ऑप्ट' किंवा 'यूएसआर-लोकल'मध्ये आणा, अधिकार ६४४ करा, 'आयकॉन'ची ओळ बदला, तुमच्या खात्यातली जुनी प्रत काढा आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

आता पट्टीतलं ते दुसरं चक्र. प्रोग्राम उघडला की त्याची खिडकी आपली एक ओळख सांगते. पट्टी ती ओळख घेऊन जुळणारा शॉर्टकट शोधते. सापडला तर त्याचं चित्र लावते, नाही सापडला तर खिडकीला बेवारस मानून वेगळं चक्र दाखवते. या चक्रावर उजवी कळ दाबून बघा. पट्टीत कायम ठेवण्याचा पर्याय तिथे नसेल, तर शॉर्टकट जुळला नाही हे पक्कं.

ओळख शोधण्यासाठी प्रोग्राम चालू ठेवून ऑल्ट आणि एफ-२ दाबा, चौकटीत 'एल' आणि 'जी' ही दोन लहान अक्षरं लिहून एंटर द्या. एक काळसर खिडकी वरून उतरेल. तिथे 'विंडोज' या भागात उघड्या खिडक्यांची यादी असते आणि प्रत्येकीसमोर 'डब्ल्यूएमक्लास' असं लिहून ओळख दिलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या, लहान-मोठ्या अक्षरांसकट आणि मधल्या मोकळ्या जागेसकट. एस्केप दाबून बाहेर या. मग शॉर्टकटमध्ये 'स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास' अशी नवी ओळ लिहा, तीन शब्द जोडून, मध्ये रेघ न देता, 'स्टार्टअप'मधला एस, 'डब्ल्यूएम' ही दोन्ही अक्षरं आणि 'क्लास'चा सी मोठे, आणि बरोबरच्या चिन्हापुढे ती ओळख. वेलँडवर (खिडक्या पडद्यावर दाखवणारी उबुंटूतली नवी व्यवस्था) थेट चालणाऱ्या प्रोग्रामांच्या बाबतीत शॉर्टकटच्या फाइलीचं नावच त्या ओळखीप्रमाणे ठेवणं जास्त खात्रीचं असतं. मी दोन्ही करतो. मग जुनी खिडकी बंद करून प्रोग्राम शॉर्टकटवरूनच उघडा. एकच चिन्ह दिसायला हवं, आणि आता ते पट्टीत कायमही करता येईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढची पायरी म्हणून तुम्ही हा शॉर्टकट प्रत्येक मुलाच्या डेस्कटॉपवर कॉपी कराल असं वाटतं, कारण सगळे तेच करतात. ते टाळा असं माझं मत आहे. उबुंटूमध्ये डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला उजव्या कळीने 'अलाव लाँचिंग' म्हणेपर्यंत त्याचं खरं चित्र आणि नाव दिसत नाही, आणि ही परवानगी फाइलीत साठत नाही, त्या त्या खात्याच्या नोंदीत साठते. म्हणजे एका खात्यात दिलेली परवानगी कॉपीबरोबर दुसरीकडे जात नाही. दहा संगणक, प्रत्येकावर दोन-तीन खाती, हे हाताने करत बसाल आणि पुढच्या वर्षी नवी खाती उघडली की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा मुलांना डाव्या पट्टीतूनच उघडायची सवय लावा.

तुम्ही पुढे स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या प्रोग्राम बसवण्याच्या नव्या पद्धतींमधून काही घेतलंत तर थोडं वेगळं लक्ष ठेवावं लागेल. स्नॅपच्या शॉर्टकटमध्ये चित्राचा जो पत्ता असतो त्यात आवृत्तीचा क्रमांक असतो. त्याची प्रत करून ठेवलीत तर काही अपडेटनंतर जुनी आवृत्ती काढली जाते आणि प्रतीतलं चित्र जातं, म्हणून प्रत करूच नका. फ्लॅटपॅक पहिल्यांदाच बसवलं असेल तर एकदा लॉगआउट झाल्याशिवाय त्याचे शॉर्टकट आणि चित्रं दिसत नाहीत. घाबरून काही बदलू नका, फक्त पुन्हा लॉगिन करा.

शॉर्टकटला हात लावताच आहात तर अजून एक ओळ घाला. 'नेम'च्या ओळीखाली पुन्हा 'नेम' लिहा, त्याला लागून चौकोनी कंसात 'एम' आणि 'आर' ही मराठीची दोन लहान अक्षरं, आणि पुढे देवनागरीत नाव. मराठी भाषेच्या खात्यात तेच नाव दिसेल, इंग्रजी खात्यात जुनं राहील. वाळपईजवळच्या एका शाळेत मी हे केलं तेव्हा तिथल्या बाईंनी मुलांनाच नाव सुचवायला सांगितलं होतं आणि मुलांनी आर्डुइनोला 'दिवे पेटवा' असं नाव दिलं, कारण त्यांचा पहिला प्रयोग तोच होता. त्या वर्गात कोणालाही शॉर्टकट शोधावा लागला नाही.

शेवटी शॉर्टकट तपासून घ्यायला 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' ही कमांड त्या फाइलीचं नाव देऊन चालवा. ती चित्र आहे की नाही हे बघत नाही, पण लिखाणातली चूक, सुटलेली ओळ, चुकलेला शब्द दाखवते. काहीच बोलली नाही तर चिठ्ठी शुद्ध आहे.

एवढं करूनही मुलांच्या खात्यात चक्रच राहिलं तर मला तीन गोष्टी पाठवा: शॉर्टकटचा पूर्ण मजकूर, चित्राच्या पत्त्यावर 'नेमआय, वजा एल' चालवून आलेलं उत्तर, आणि कोऱ्या खात्यात काय दिसतं ते. त्याच संगणकाचं पाठवा ज्यावर तुम्ही बदल केलात. बाकीच्या नऊंवर एवढ्यात काही करू नका. एक नीट झाला की तोच शॉर्टकट आणि तेच चित्र पेनड्राइव्हवर घेऊन इतरांवर त्याच जागी ठेवायला एक दुपार पुरते.